मेमरीची राखण कोणी करायची?

१९ जुलै २०२४ रोजी, ऐन शुक्रवारच्या कामकाजात, जगभरातील विमानतळ, बँका आणि रुग्णालये यांतील संगणकांचे पडदे एकाएकी निळे झाले. ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा कंपनीने विंडोज संगणकांसाठी पाठवलेली एक छोटीशी फाइल त्यास कारणीभूत होती. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. भारतातही काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली.

चौकशीअंती निघालेले कारण मात्र अगदी किरकोळ वाटावे असे होते. संबंधित आज्ञावलीला वीस मूल्ये पुरवण्यात आली होती आणि ती एकविसावे मूल्य वाचायला गेली. जी जागा आपली नाही तेथे तिने हात घातला आणि संगणक कोलमडला. या घटनेने प्रोग्रॅमर मंडळींमधील एक जुना वाद पुन्हा पेटला. संगणकाच्या मेमरीतील हद्दी सांभाळण्याची जबाबदारी कोणाची? आज्ञावली लिहिणाऱ्या माणसाची, की ती ज्या भाषेत लिहिली जाते त्या भाषेची?

हद्द ओलांडणे म्हणजे काय?

संगणकाची मेमरी म्हणजे क्रमांक दिलेल्या कप्प्यांची एक लांबलचक रांग. आज्ञावलीला दहा कप्पे हवे असतील, तर ते तिला दिले जातात. ‘सी’ भाषेत आज्ञावलीच्या हाती पडतो तो प्रामुख्याने पहिल्या कप्प्याचा पत्ता. एकूण कप्पे किती, याची नोंद त्या पत्त्याबरोबर राहत नाही. ती प्रोग्रॅमरने लक्षात ठेवायची. त्याच्या हिशेबात एकाची चूक झाली, तरी भाषा अकराव्या कप्प्याकडे जाण्यापासून त्याला अडवत नाही. त्या अकराव्या कप्प्यात निरर्थक आकडे असतील, कोणाचा तरी पासवर्ड असेल किंवा आज्ञावलीने पुढे कोणत्या पत्त्यावर जायचे ही सूचनाही असेल. ही सूचनाच बदलता आली, तर परक्या माणसाला संगणकाचा ताबा मिळू शकतो.

दुसरी चूकही याच जातीची आहे. काम संपल्यावर परत केलेली जागा आज्ञावलीचा एखादा भाग चुकून पुन्हा वापरतो. तोवर ती जागा दुसऱ्याच कामासाठी दिली गेलेली असते. घर रिकामे केल्यावरही जुन्या भाडेकरूने जवळच्या किल्लीने आत शिरावे, तसा हा प्रकार.

वेगासाठी पत्करलेला धोका

‘सी’ भाषेच्या निर्मात्यांना हे कळत नव्हते असे नाही. अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी ही भाषा घडवली आणि १९७३ मध्ये युनिक्स या कार्यप्रणालीचा गाभा तिच्यात नव्याने लिहिण्यात आला. त्या काळच्या संगणकांची मेमरी किलोबाइटमध्ये मोजली जाई. प्रत्येक वेळी हद्द तपासायची, तर त्यासाठी यंत्राला जादा आज्ञा द्याव्या लागत आणि तेवढा वेळ व जागा खर्ची पडे. त्यापूर्वी कार्यप्रणाली प्रामुख्याने असेम्ब्ली भाषेत, म्हणजे यंत्राच्या एकेका आज्ञेच्या पातळीवर, लिहिल्या जात. ‘सी’ने जवळपास तोच वेग दिला, शिवाय तीच आज्ञावली निरनिराळ्या यंत्रांवर नेण्याची सोयही दिली.

या भाषेवर टीका करणाऱ्यांना आणि तिची पाठराखण करणाऱ्यांनाही एका गोष्टीचा विसर पडतो. एकेकाळी ‘सी’ ही स्वतःच वादातील नवागत होती. आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या गटाने १९५७ मध्ये फोरट्रान भाषा उपलब्ध केली, तेव्हाही यंत्राने तयार केलेल्या आज्ञा कसलेल्या माणसाने लिहिलेल्या आज्ञांइतक्या वेगवान असूच शकत नाहीत, असा आक्षेप घेतला गेला होता. हातचे नियंत्रण सोडायला तयार नसलेला जाणकार आणि तेच काम यंत्रावर सोपवू पाहणारा सुधारक, ही जोडी तेव्हापासूनची आहे.

हद्द तपासण्याचा मार्गही त्या काळी अज्ञात नव्हता. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी ‘एलियट’ संगणकांसाठी अल्गोल भाषेचा कम्पायलर, म्हणजे आज्ञांचे यंत्रभाषेत रूपांतर करणारी आज्ञावली, तयार केला. त्यात प्रत्येक वेळी हद्द तपासली जाई. वेग वाढावा म्हणून ही तपासणी बंद करण्याची सोय हवी का, असे पुढे ग्राहकांना विचारले असता सर्वांनी एकमुखाने नकार दिला, हा अनुभव होअर यांनी १९८० च्या ट्युरिंग पुरस्कार व्याख्यानात सांगितला. तरीही जगाने वेगाचीच बाजू घेतली. भारतातील अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या पिढ्या ‘सी’वरच घडल्या, नागपूरचे यशवंत कानेटकर यांचे ‘लेट अस सी’ हे पुस्तक त्यांच्या दप्तरात हमखास असे.

किंमत कोणी मोजली?

२ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटवर ‘मॉरिस वर्म’ पसरला. त्याने वापरलेल्या मार्गांपैकी एक अगदी साधा होता. ५१२ बाइटची जागा राखून ठेवलेल्या एका सेवेला त्याने ५३६ बाइट पाठवले. आलेला मजकूर ‘सी’मधील ‘गेट्स’ या सुविधेद्वारे वाचला जाई आणि जागा किती आहे हे तिला सांगण्याची सोयच नव्हती. त्या वेळच्या अंदाजानुसार सुमारे सहा हजार संगणक बाधित झाले. एवढे होऊनही ही सुविधा भाषेच्या प्रमाण आवृत्तीतून वगळली गेली ती २०११ मध्ये!

एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ हा दोष उघड झाला. संकेतस्थळांशी होणारा व्यवहार गुप्त ठेवणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ या आज्ञावलीत एक तपासणी राहून गेली होती. त्यामुळे परक्या माणसाला एका विनंतीत सर्व्हरच्या मेमरीतील ६४ किलोबाइटपर्यंतचा मजकूर वाचता येई. आपल्या उत्पादनांत दरवर्षी दुरुस्त होणाऱ्या सुरक्षादोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष मेमरीच्या गैरव्यवस्थेतून उद्भवतात, असे मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी २०१९ मध्ये सांगितले. क्रोम ब्राउझरच्या गंभीर दोषांबाबत २०२० मध्ये जवळपास तेवढेच प्रमाण आढळले.

दोन्ही बाजूंचे म्हणणे

या पार्श्वभूमीवर ‘रस्ट’ भाषेचे आगमन झाले. मोझिलातील एका अभियंत्याने २००६ मध्ये स्वतःच्या हौसेने सुरू केलेल्या या भाषेची पहिली स्थिर आवृत्ती मे २०१५ मध्ये आली. मेमरीतील प्रत्येक मूल्याला एकच मालक असतो, हा तिचा मूळ नियम. मालकाचे काम संपले की जागा आपोआप मोकळी होते. मूल्य उसने देता येते; पण वाचण्यासाठी एकाच वेळी अनेकांना किंवा बदलण्यासाठी एकालाच, दोन्ही एकदम नाही. हा नियम मोडणारी आज्ञावली कम्पायलर मुळी तयारच होऊ देत नाही. रांगेतील कप्प्यांची हद्द मात्र, जेथे आधी सिद्ध करता येत नाही तेथे, आज्ञावली चालत असताना तपासली जाते.

‘रस्ट’च्या समर्थकांचा युक्तिवाद असा, की उत्तमातला उत्तम प्रोग्रॅमरही थकतो आणि चुकतो. पन्नास वर्षांत जी शिस्त साधली नाही, ती यापुढे केवळ उपदेशाने साधणार नाही.

‘सी’च्या पाठीराख्यांचे म्हणणेही पोकळ नाही. अनेक वर्षे वापरून घासूनपुसून निघालेली आज्ञावली नव्या भाषेत लिहिताना नव्या चुका शिरतात. प्रत्यक्ष यंत्रसामग्रीशी बोलायचे, तर कच्च्या पत्त्यांना हात लावावाच लागतो आणि त्यासाठी ‘रस्ट’लाही ‘अनसेफ’ नावाची चोरवाट ठेवावी लागली आहे. क्राउडस्ट्राइकच्या घटनेबाबतही ते नेमका मुद्दा मांडतात. सुरक्षित भाषेने एकविसाव्या मूल्याकडे जाणे रोखले असते हे खरे. पण हद्द मोडली की ‘रस्ट’ची आज्ञावली सामान्यतः तेथेच थांबते. प्रणालीच्या गाभ्यातील आज्ञावली अशी थांबली, तर संगणक तरी कसा चालू राहणार? पूर्वचाचणी आणि टप्प्याटप्प्याने वितरण यांची जागा कोणतीही भाषा घेऊ शकत नाही.

लिनक्सच्या अंगणात

हा वाद सर्वाधिक तापला तो लिनक्सच्या विकासात. लिनस टॉरवल्ड्स यांनी १९९१ मध्ये आरंभ केलेल्या या प्रणालीचा गाभा ‘सी’मध्ये आहे. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ६.१ या आवृत्तीत ‘रस्ट’ला प्रथम प्रवेश मिळाला आणि मतभेद उघड्यावर आले. ‘सी’च्या भागात बदल केल्यावर त्याला जोडलेला ‘रस्ट’चा भाग कोणी दुरुस्त करायचा, हा त्यातला कळीचा प्रश्न. दोन भाषांचा संसार कायमचा डोईजड होईल, अशी काही जुन्या जाणत्यांची भीती होती. २०२४ आणि २०२५ मध्ये या कटकटीला कंटाळून ‘रस्ट’च्या बाजूच्या काहींनी जबाबदाऱ्या सोडल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये टॉरवल्ड्स यांनी भूमिका स्पष्ट केली. ज्यांना ‘रस्ट’ नको त्यांच्यावर ती लादली जाणार नाही. मात्र इतरांनी ‘रस्ट’मध्ये काय लिहावे, यावर त्यांचा अधिकारही चालणार नाही.

वादाला उत्तर मिळाले असेल, तर ते अँड्रॉइडच्या अनुभवातून. गूगलने जुनी आज्ञावली सरसकट नव्याने लिहिली नाही. नवे लेखन तेवढे अधिकाधिक सुरक्षित भाषांत करण्याचे धोरण ठेवले. अँड्रॉइडच्या सुरक्षादोषांतील मेमरीविषयक दोषांचा वाटा २०१९ मध्ये ७६ टक्के होता, तो २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आला. असे दोष प्रामुख्याने नव्या लेखनात असतात आणि जुने लेखन काळाबरोबर निर्धोक होत जाते, असा निष्कर्ष त्यातून निघाला. जुन्याला घाईने हात लावू नये, हे ‘सी’वाल्यांचे म्हणणे त्यामुळे खरे ठरले. नवे मात्र जुन्या पद्धतीने लिहू नये, हे ‘रस्ट’वाल्यांचे म्हणणेही तितकेच खरे ठरले.

वेग आणि सुरक्षितता यांचा हा हिशेब प्रोग्रॅमर मांडतात. चुकीची किंमत मात्र ती आज्ञावली कधी पाहिलीही नाही अशी माणसे मोजतात. हाताने लिहिलेला बोर्डिंग पास घेऊन रांगेत उभ्या असलेल्या प्रवाशाला ‘सी’ आणि ‘रस्ट’ ही नावे ठाऊक असण्याचे कारण नाही. या वादात त्याचा शब्द कोठेच नसतो. निकाल मात्र त्याच्यावरच लागू होतो.