टोपणाखालची माणसे

शाळेच्या दाखल्यावरचे नाव कोणी स्वतः निवडत नाही. बारशाला ते ठरते, मास्तर पटावर लिहून घेतात आणि जन्मभर आपण ते वागवतो. टोपणनाव मात्र बहुधा माणूस स्वतः घेतो. टोपण म्हणजे झाकण. मराठी कवींनी ही झाकणे भरपूर वापरली. ती उघडून पाहिली की आत कवी एकटा क्वचितच सापडतो, सोबत घरातले कोणीतरी असते.

१९१२ साली पुण्यात जन्मलेल्या एका मुलाचे नाव होते गजानन रंगनाथ शिरवाडकर. काका वामन शिरवाडकरांनी त्याला दत्तक घेतले, तेव्हा तो विष्णु वामन झाला. स्वतःचे नाव बदलले आणि वडिलांचेही. दोन्ही वेळा निर्णय वडीलधाऱ्यांचा होता. तिसरे नाव त्याने आपल्या मर्जीने घेतले. सगळ्या भावांत बहीण एकच, कुसुम. तिचा थोरला भाऊ, म्हणून कुसुमाग्रज. दत्तकविधानाने कागदावरची नाती इकडची तिकडे होतात. या नावाने एक नाते जिथल्या तिथे ठेवले. पुढे १९८७ चे ज्ञानपीठ त्यांना मिळाले, त्यांचा जन्मदिवस २७ फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन झाला आणि घरातल्या धाकट्या मुलीचे नाव साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी बसले. 'नटसम्राट' वि. वा. शिरवाडकरांचे, 'विशाखा' कुसुमाग्रजांची, अशी वाटणी त्यांनी शेवटपर्यंत पाळली. नाटक दाखल्यावरच्या नावाने, कविता बहिणीच्या नावाने.

ही रीत त्यांच्या आधीची. राम गणेश गडकरी नाटके स्वतःच्या नावाने लिहीत, विनोदी लेख 'बाळकराम' या नावाने आणि कविता 'गोविंदाग्रज' म्हणून. गोविंद हा त्यांचा धाकटा भाऊ. त्यांच्याही आधी कृष्णाजी केशव दामले होते, मालगुंडचे. वडील केशव विठ्ठल शाळामास्तर. कृष्णाजींनी कवितेखाली नाव घातले 'केशवसुत'. गंमत अशी की हे वर्णन घरातल्या प्रत्येक भावाला लागू होते. 'शास्त्रीय मराठी व्याकरण' लिहिणारे मोरो केशव दामले हेही केशवाचेच सुत. पण केशवसुत म्हटले की एकच माणूस उभा राहतो. हयातीत त्यांचा एकही संग्रह निघाला नाही. १९०५ मध्ये हुबळीला प्लेगने ते गेले आणि १९१७ साली हरि नारायण आपट्यांनी त्यांच्या कविता पुस्तकरूपात आणल्या. तोपर्यंत हे नाव मासिकांच्या पानांवरच जगले होते.

पुढे प्रल्हाद केशव अत्र्यांनी विडंबने लिहिली ती 'केशवकुमार' या नावाने. त्यांच्याही वडिलांचे नाव केशव, त्यामुळे अर्थ तोच. आधुनिक मराठी कवितेचा पाया घालणारा केशवाचा मुलगा आणि कवींच्या लकबींची टर उडवणारा केशवाचा मुलगा, हा योगायोग अत्र्यांच्या नजरेतून सुटला असेल असे वाटत नाही.

स्वतःची ओळख दुसऱ्याच्या नात्याने सांगण्याची ही सवय आली कुठून? उर्दू शायराचा तखल्लुस गझलेच्या शेवटच्या शेरात येतो, तशी आपल्याकडे अभंगाच्या शेवटी संतांची नाममुद्रा येते. तिथेही संत बरेचदा एकटे नाहीत. एकनाथ आपल्या नावाला गुरू जनार्दनांचे नाव जोडतात. ज्ञानदेव आपल्या नावाऐवजी 'बापरखुमादेवीवरु' म्हणून विठ्ठलाला उभे करतात. जनाबाई स्वतःला नामदेवाची दासी म्हणवते, तर सोयराबाई आपली ओळख चोखोबाच्या नावाने देते. शाळेत इंग्रजी कविता वाचलेली एकोणिसाव्या शतकातली पिढी नव्या वाटेने निघाली, तरी सही करताना तिचा हात जुन्या वळणानेच गेला असावा.

या वळणाचे सर्वांत सुंदर उदाहरण मराठी घरातले, पण कन्नड कवितेतले आहे. धारवाडचे दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांची घरची भाषा मराठी. त्यांनी काव्य कन्नडमध्ये केले आणि नाव घेतले 'अंबिकातनयदत्त', म्हणजे अंबिकेचा मुलगा दत्त. केशवसुतांनी वडील निवडले, बेंद्र्यांनी आई. आपल्या आत बोलणारा जो कोणी आहे तो अंबिकातनयदत्त आणि आपण त्याचे बोल कन्नडमध्ये आणणारे, असे ते मानत. १९७३ च्या ज्ञानपीठाने हे नाव भारतभर पोहोचले. केशवसुतांचा अंत झाला ते हुबळी धारवाडपासून हाकेच्या अंतरावर. त्या वर्षी बेंद्रे नऊ वर्षांचे होते.

टोपणाचा दुसरा उपयोग आडोशाचा. गोपाळ हरि देशमुख इंग्रज सरकारच्या नोकरीत होते. १८४८ पासून 'प्रभाकर' पत्रात त्यांनी स्वजातीच्या अहंकारावर आणि रूढींवर कोरडे ओढले ते 'लोकहितवादी' या नावाने. तिथे नात्याचा मागमूस नाही, फक्त भूमिका आहे.

बायकांना हा आडोसा अधिक निकडीचा होता आणि वेगळाही. थोरला भाऊ, मुलगा ही नाती पुरुषांनी अभिमानाने मिरवली. लेक किंवा धाकटी बहीण म्हणून घेतलेली तशी नावे मराठी कवितेत रूढ झाली नाहीत. बाईच्या नावामागे आधी वडील आणि मग नवरा आपोआप येत असे. ते निवडायचे नव्हते, त्यांच्यापासून सुटायचे होते. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला. शिकलेल्या, कमावत्या, अविवाहित मुलींची घुसमट त्यात उघडपणे मांडली होती. लेखिकेचे नाव विभावरी शिरूरकर. विभावरी म्हणजे रात्र. मोठे वादळ उठले आणि ही बाई कोण याचा शोध सुरू झाला. त्या होत्या बाळूताई खरे, लग्नानंतरच्या मालतीबाई बेडेकर. 'विभावरी'ला ना बाप होता, ना नवरा. म्हणूनच लोकांच्या बोलण्याची झळ सोसून ती लिहू शकली. कुसुमाग्रजांनी नाते नावात आणले. विभावरींनी ते नावातून काढले. दोघांनाही लिहिण्यासाठी तेच करणे भाग होते.

पुढे ही वेस दोन्ही बाजूंनी ओलांडली गेली. चिंतामण त्र्यंबक खानोलकरांनी कादंबऱ्या-नाटके स्वतःच्या नावाने लिहिली आणि कवितेसाठी 'आरती प्रभू' हे बाईचे नाव धारण केले. शांता शेळक्यांनी काही गीते 'डॉ. वसंत अवसरे' या पुरुषी नावाने लिहिली. माधव त्र्यंबक पटवर्धनांनी तर इंग्रजी साहित्यातले नाव उचलले आणि ते माधव ज्यूलियन झाले. पुढे फारसीचे हे प्राध्यापक मराठीतून परके शब्द हद्दपार करायला निघाले. 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. पण ज्यूलियन काही हद्दपार झाला नाही. माणसाचे मत बदलते, पण एकदा लोकांच्या ओठी गेलेले नाव परत घेता येत नाही.

आज मोबाइलवर खाते उघडताना आपल्यालाही नाव विचारले जाते. कोणी त्यात लेकीचे नाव घालते, कोणी सुटलेल्या गावाचे, कोणी आडनाव गाळून मोकळे होते. दाखल्यावरचे नाव आपण कोणाच्या घरात जन्मलो ते सांगते. घेतलेले नाव आपण कोणाला सोबत ठेवले आणि कोणाला मागे सोडले, याचा पत्ता देते. साहित्याच्या इतिहासात कुसुमचे नाव तिने लिहिलेल्या एखाद्या ओळीमुळे आलेले नाही. एका भावाला सही करताना ती आठवली, एवढ्यावर ते आले आहे.