मालक, कंत्राटदार आणि मजूर

मोठ्या बांधकामावर मजुराच्या जिवाची काळजी कोणीं वाहावयाची, काम देणाऱ्यानें कीं काम घेणाऱ्यानें, हा वाद जुना आहे. विलायतेंत त्याची उघड चौकशी १८४६ सालीं झाली, आणि तिला मुख्यतः कारण झाला तो वुडहेडचा बोगदा.

शेफील्ड व मँचेस्टर या शहरांमधील डोंगर फोडून तीन मैलांहून किंचित् लांब असा हा बोगदा १८४५ अखेर पुरा झाला. काम रेल्वे कंपनीचें, आंखणी तिच्या अभियंत्यांची, पण माणसें कंत्राटदाराचीं. ओसाड माळावर झोपड्या घालून मजूर राहत, आणि जखमींच्या औषधपाण्यासाठीं आपसांतच वर्गणी काढीत.

सुरुंगाची रीत अशी होती : खडकांत भोंक पाडून त्यांत दारू भरावयाची आणि वरून माती ठासावयाची. ठासण्याची कांब लोखंडी असली तर दगडावर घासून ठिणगी पडे आणि दारू मजुराच्या तोंडावरच उडे. तांब्याच्या कांबीला हें भय फार कमी. परंतु तांबें मऊ पडलें, लौकर वांकतें, म्हणून लोखंडच चाले. पेटविण्यासाठीं सुरक्षित वातही तोंवर निघाली होती. पार्लमेंटच्या समितीनें तिच्याविषयीं तेथील एका साहाय्यक अभियंत्यास विचारलें, तेव्हां त्यानें सांगितलें कीं, ती वात अधिक सुरक्षित असेल, पण तिच्यांत वेळ फार मोडतो, आणि जे थोडे अधिक जीव वांचतील त्यांच्यासाठीं तेवढा वेळ दवडावा असें मी म्हणणार नाहीं. हा मनुष्य क्रूर होता असें मला वाटत नाहीं. मुदत त्याला लेखी ठरवून मिळाली होती. जिवाविषयीं तसें कोणींच कांहीं ठरविलें नव्हतें.

या कामावर ३२ माणसें दगावलीं आणि सुमारें १४० जबर जखमी झालीं. एडविन चॅडविक यांनीं हिशेब करून दाखविलें कीं, हें प्रमाण वॉटर्लूच्या लढाईपेक्षांही अधिक पडतें. त्यांचा उपाय मार्मिक होता. अपघाताची भरपाई मालकाच्या माथीं बसवा, म्हणजे कंत्राट देतांनाच तो कांब कोणत्या धातूची हें विचारील! फ्रान्सांत असा दायित्वाचा कायदा आहे, हेंही त्यांनीं निदर्शनास आणलें. समितीनें कंपन्यांना जबाबदार धरण्याची शिफारस केली. पण पार्लमेंटांत त्या अहवालावर चर्चासुद्धां झाली नाहीं.

पुढें दहा वर्षांनीं, १८५६ सालीं, मालक आणि कंत्राटदार यांची हीच जोडी बोरघाटांत उतरली. मालक ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, कंत्राटदार फॅव्हिएल. त्यांच्याखालीं मुकादम, आणि त्यांच्याखालीं मजूर. मजुरी थकल्यावरून १८५९ सालीं दंगा झाला, आणि त्याच सालीं फॅव्हिएल यांनीं काम सोडलें. नवे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल मुंबईस आले आणि थोड्याच दिवसांत वारले. त्यांची पत्नी ॲलिस हिनें नेमलेल्या माणसांकरवीं काम तडीस नेलें, ही गोष्ट खरोखर कौतुकाची आहे. १८६१ च्या आरंभीं घाटावर बेचाळीस हजारांवर माणसें राबत होतीं, आणि पटकीनें हजारों गेलीं. शाळेंत आम्ही घाटाचे पंचवीस बोगदे मुलांकडून पाठ करून घेत असूं. मजुरांचा आंकडा मात्र पुस्तकांत नसे.

आपल्याकडे १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यानें, बाराव्या कलमान्वयें, कंत्राटदाराच्या मजुराची भरपाई मूळ काम देणाऱ्याकडूनही मागतां येऊं लागली. पण ती अपघातानंतरची. कामापूर्वींच्या तजविजीचें बंधन विलायतेंत १९९४ च्या नियमांनीं घातलें : कंत्राटदाराची सुरक्षिततेची लेखी योजना तयार झाल्यावांचून मालकानें बांधकाम सुरू होऊं देतां कामा नये. वुडहेडचा बोगदा पुरा होऊन तेव्हां एकोणपन्नास वर्षें आणि वर एक शतक लोटलें होतें.