झान जुगाँ यांची खाट

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात सेंट-सर्व्हां नावाचे बंदराचे गाव आहे. १८३९ च्या हिवाळ्यात तेथील झान जुगाँ या सत्तेचाळीस वर्षांच्या अविवाहित मोलकरणीने एका आंधळ्या व अर्धांगवायूने जखडलेल्या वृद्धेला आपल्या भाड्याच्या बिऱ्हाडी आणले, तिला स्वतःची खाट दिली आणि आपण माळ्यावर निजायला गेल्या. ही घटना दयेची कथा म्हणून सांगितली जाते व ती तशी आहेच. मला मात्र ती नेहमी खाटेची कथा वाटत आली आहे. निराधार म्हातारीला एक स्वतंत्र, स्वच्छ खाट मिळणे हे केवढे दान होते, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

वृद्धांची सेवा ख्रिस्तसभेने फार पूर्वीपासून आपली मानली. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठांसाठी नियमावली लिहिली, तेव्हा आजाऱ्यांना वेगळी खोली, वेगळा सेवक आणि गरजेप्रमाणे स्नान मिळावे असे त्यांनी घालून दिले. ११३६ साली कॉन्स्टँटिनोपलच्या पँटोक्रेटर मठासाठी सम्राटाने जे नियमपत्र केले, त्यात ५० खाटांच्या रुग्णालयाबरोबर २४ वृद्धांच्या आश्रमाचीही तरतूद होती. फ्रान्समधील बोन येथे १४४३ मध्ये निकोला रोलँ यांनी पत्नीसह स्थापिलेल्या धर्मार्थ रुग्णालयाखालून एक ओढा वाहत असे व घाण त्यातून निघून जाई. खाटा अशा मांडल्या होत्या की पडल्या पडल्या वेदीकडे पाहता यावे. वेदी आणि मोरी या दोहोंचा विचार एकाच वेळी करणारा तो बांधणारा मला फार मोठा वाटतो. आपल्याकडे इमारतीला आशीर्वाद देऊन झाल्यावर निचऱ्याची आठवण होते!

सर्वत्र असे नव्हते. पॅरिसच्या ‘ओतेल-दिय’ या जुन्या रुग्णालयाच्या नावातच देव आहे; पण अठराव्या शतकात तेथे एकेका खाटेवर चार-चार, सहा-सहा रुग्ण निजत. मरणोन्मुख माणूस आणि बरा होऊ घातलेला माणूस एकाच अंथरुणात. डिसेंबर १७७२ मध्ये त्या इमारतीला भीषण आग लागली. १७८८ साली शल्यवैद्य झाक तेनों यांनी पॅरिसच्या रुग्णालयांची अवस्था ग्रंथरूपाने मांडली, तेव्हा शिक्षित समाज हादरला. तेथील धर्मभगिनी रात्रंदिवस राबत होत्या, त्यांच्या श्रद्धेत उणे नव्हते. परंतु जागा, हवा आणि पाणी यांची उणीव श्रद्धेने भरून निघत नाही. हे कबूल करणे आम्हा धर्मगुरूंना जड जाते.

झान जुगाँ यांनी तरुणपणी सुमारे सहा वर्षे सेंट-सर्व्हांच्या रुग्णालयात सेवा केली होती. कष्टाचे काम काय असते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. १८४१ मध्ये त्यांनी वृद्धांसाठी एक जुनी खानावळ भाड्याने घेतली; ती तळमजल्याची व दमट. पुढच्याच वर्षी त्या सर्वांना घेऊन एका जुन्या मठाच्या इमारतीत गेल्या. ज्या म्हाताऱ्या पूर्वी दारोदार हात पसरत, त्यांच्या वतीने आता झान स्वतः टोपली घेऊन फिरू लागल्या. १८४५ साली फ्रेंच अकादमीने त्यांना ३००० फ्रँकचे पारितोषिक दिले.

मात्र त्याआधीच, १८४३ च्या डिसेंबरात, संस्थेच्या धर्मगुरू संचालकाने त्यांची प्रमुखपदी झालेली फेरनिवड रद्द करून एका तेवीस वर्षांच्या भगिनीला त्या जागी बसवले होते. पुढे तर स्थापनेचे श्रेयही त्याने स्वतःकडे घेतले. १८७९ मध्ये झान वारल्या, तेव्हा नवदीक्षितांना आपल्यात संस्थापिका राहत होती याची कल्पनाही नव्हती. १८९० साली रोमने त्या धर्मगुरूला दूर केले. ११ ऑक्टोबर २००९ रोजी झान संतपदी आरूढ झाल्या. ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पूअर’ या त्यांच्या भगिनी १८८२ मध्ये कलकत्त्यास आल्या. मुंबईत अंधेरीलाही त्यांचा आश्रम आहे.

खाट मिळाली म्हणजे सारे झाले असेही नाही. ३१ जानेवारी २००४ रोजी स्कॉटलंडमधील रोझपार्क या शुश्रूषागृहात कपड्यांच्या कपाटातील विजेच्या फलकाशी आग लागली व १४ वृद्ध प्राणास मुकले. खोल्यांची दारे उघडी होती, धूर आत शिरला. अग्निशामक दलाला बोलावण्यात मोलाची मिनिटे गेली. आगीची पूर्वतयारी नीट असती तर हे मृत्यू टळू शकले असते, असा निष्कर्ष २०११ साली न्यायालयीन चौकशीने काढला.

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील तरुणांबरोबर मी एका वृद्धाश्रमात नाताळची गीते गाण्यास गेलो होतो. न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पाणी साचले होते, धरायला दांडी नव्हती. मागच्या दाराला कुलूप होते. किल्ली कोणाकडे, हे विचारल्यावर दोघांनी दोन नावे सांगितली. पाहुण्याने घरच्या उणिवा काढू नयेत, असे मनाशी म्हणून मी केक वाटला आणि परतलो. फेब्रुवारीत तेथील एक आजी न्हाणीत घसरल्या, त्या पुन्हा उठल्या नाहीत. त्यांचा अंत्यविधी मीच केला. त्यानंतरच्या नाताळात गायकांबरोबर आमच्या गावचा एक नळकारागीर आला, त्याने भिंतीत दोन दांड्या बसवल्या. मागच्या दाराची किल्ली आता दाराशेजारी खिळ्याला टांगलेली असते. दरवर्षी गीते सुरू होण्यापूर्वी मी ती पाहून येतो.