मातीच्या अत्तराची कुळकथा

भूमीचे रूप चित्रकाराने रंगांत धरावे आणि कवीने शब्दांत, हे जगात सर्वत्र चालत आले आहे. परंतु त्या भूमीचा गंध तेवढा वेगळा काढून तो कुपीत साठविण्याचे साहस गंगेच्या खोऱ्यातील कनोजच्या अत्तरकारांनी केले, आणि तेही गुलाब-मोगऱ्याचा आश्रय न घेता, ऐन उन्हाळ्यात तळ्यांच्या तळाशी भेगाळून पडलेल्या चिकणमातीतून केले. आपल्या कारागिरीच्या इतिहासात या गोष्टीला मिळावा तेवढा मान अद्याप मिळालेला नाही.

कनोज ही सातव्या शतकात सम्राट हर्षाची राजधानी होती. तिच्या स्वामित्वासाठी पुढे प्रतिहार, पाल आणि राष्ट्रकूट ही तीन घराणी पिढ्यान्‌पिढ्या झुंजली. वेरूळचे कैलास लेणे ज्यांच्या कुळाने खोदविले, त्या राष्ट्रकूटांपैकी तिसऱ्या इंद्राने इ. स. ९१६ च्या सुमारास ती काबीजही केली. ती साम्राज्ये लयास गेली आणि राजवाड्यांच्या विटा मातीस मिळाल्या; चालू राहिली ती अत्तराची भट्टी. या विद्येचा उगम नूरजहानच्या हमामात शोधण्याची एक लोकप्रिय हौस आहे. जहांगिराने आपल्या आत्मचरित्रात गुलाबाच्या अत्तराचे श्रेय नूरजहानला नव्हे, तर तिच्या मातेला दिले आहे, हे ती कथा सांगणारे बहुधा विसरतात. शिवाय वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त सहाव्या शतकातच गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय आहे, चालुक्य सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या सुगंधोपभोगाचे सविस्तर वर्णन आहे, आणि ‘गंधवाद’ नामक संस्कृत ग्रंथावर तर जुनी मराठी टीका उपलब्ध असून भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी तिची चिकित्सा केलेली आहे. दरबार बरखास्त होताना अत्तर-गुलाब आणि पानसुपारी देण्याचा शिरस्ता ज्या मुलखात होता, तेथे असा ग्रंथ मराठीत समजावून घेण्याची गरज भासावी, यात नवल नाही.

मातीच्या अत्तराची कृती मात्र ग्रंथापेक्षा हातांत अधिक आहे. वाळलेल्या मातीच्या चकत्या किंवा लहान भांडी करून ती भट्टीत भाजतात आणि तांब्याच्या मोठ्या देगेत पाण्यासह भरतात. देगेचे झाकण कापूस व ओली माती यांच्या लेपाने असे लिंपतात की वाफेला फटच राहू नये. झाकणातून निघालेली, सुतळीने गुंडाळलेली बांबूची नळी पाण्याच्या हौदात बसविलेल्या भपक्याच्या, म्हणजे वाफ गोळा करणाऱ्या भांड्याच्या, तोंडात जाते, आणि त्या भपक्याच्या पोटात आधीपासूनच चंदनाचे तेल वाट पाहत असते. लाकूड व शेण्यांचा मंद जाळ लागला की मातीचा गंध वाफेवर बसून येतो आणि तेलात मुरतो. येथे तापमापक नाही, घड्याळ नाही. कारागीर हौदात हात घालून भपक्याचे पोट चाचपतो, आणि त्याची ऊब किती वर चढली आहे यावरून आत किती वाफ थिजली हे ओळखतो. वेळ झाली की देगेवर ओले फडके टाकून तो वाफ थोपवितो. भपका थंड झाल्यावर तळाच्या छिद्रातून पाणी काढून घेतात, नव्या मातीवर तेच पाणी ओततात, आणि तेल पुरेसे गंधभारित होईपर्यंत हा क्रम कित्येक दिवस चालतो. अखेरीस अत्तर कातड्याच्या कुप्पीत भरून ठेवतात. उरलेसुरले पाणी कातड्यातून निघून जाते आणि तेल आत राहते.

१९६४ साली ऑस्ट्रेलियातील इसाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या शास्त्रज्ञांनी तापलेल्या खडकांतून हाच गंध वाफेने काढून दाखविला व त्याला ‘पेट्रिकोर’ हे नाव दिले, तेव्हा उत्तर प्रदेशातील कारागीर तो आधीपासूनच चंदनतेलात धरतात याची नोंद त्यांनी आपल्या निबंधात प्रामाणिकपणे केली. एरवी अशा प्रसंगी आपल्या कारागिरांचा उल्लेख व्हावा, हे दुर्मिळच.

परंतु या अत्तराचे मर्म आणि त्याचे दुर्दैव एकाच जागी आहे. त्यातील माती गंगेकाठची असली, तरी तिला धारण करणारे तेल दक्षिणेच्या रानातले आहे. १७९२ साली टिपू सुलतानाने म्हैसूर मुलखात चंदन हा सरकारी वृक्ष ठरविला. तीच मक्तेदारी पुढे संस्थानाने आणि नंतरच्या सरकारांनी चालविली, आणि स्वतःच्या जमिनीत उगवलेल्या चंदनावरही रयतेचा हक्क नाही ही वहिवाट कर्नाटकात २००१ पर्यंत टिकली. जे झाड आपले नव्हे, त्याला कोण जपणार? लागवड झाली नाही, चोरटी तोड मात्र मुबलक झाली, आणि चंदनतेलाचा भाव कनोजच्या कारखानदाराच्या आवाक्याबाहेर गेला. त्याने नाइलाजाने पॅराफिन तेल जवळ केले. २०१४ साली कनोजच्या अत्तराला भौगोलिक मानांकन लाभले, तरी चंदनाची उणीव त्याने भरून निघालेली नाही. निर्गंध खनिज तेलात मातीचा वास क्षणभर उमटतो; चंदनात तो टिकतो, हे नाकाला सहज कळते. पॅराफिनमध्ये धरलेल्या वासाला मातीचे अत्तर म्हणणे मला मान्य नाही. खऱ्या मातीच्या अत्तराच्या किमतीत मोठा वाटा चंदनाचाच असतो. म्हणून स्वस्त कुपी हाती आली, तर आत चंदनाचे तेल आहे की पॅराफिन, एवढे वाचकांनी दुकानदारास अवश्य विचारावे.