सवंगडी हवा, खर्च नको!
घरातल्या घरात मुलांना रमवणारे खेळ

प्रतिनिधी

परीक्षा संपल्या की घरोघरी एकच प्रश्न ऐकू येऊ लागतो, ‘आई, आता काय करू?’ बाहेर रणरणते ऊन असते. पुढे ऊन सरले की पावसाची झड लागते. इमारतीच्या आवारात मोटारींनी जागा व्यापलेली असते आणि घरात मोबाइल हाताशीच असतो. मग मुलाची समजूत घालण्यासाठी नवे खेळणे येते, चार दिवसांत ते कपाटात जाते आणि प्रश्न पुन्हा उभा राहतो.

मागच्या पिढ्यांनी मूठभर चिंचोके, पाच सागरगोटे आणि खडूचा एक तुकडा यांवर आख्ख्या सुट्ट्या काढल्या. त्या खेळांना खर्च नव्हता. मात्र समोर बसणारे कोणीतरी लागत असे. भावंडे आणि शेजारची मुले ती उणीव भासू देत नसत. आजच्या लहान कुटुंबात ही जागा बहुतेक वेळा आईवडिलांना किंवा आजीआजोबांनाच भरून काढावी लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाकाठी एका तासाहून अधिक काळ पडद्यासमोर बसू नये, आणि तो वेळ जितका कमी तितके चांगले, असे त्यांत म्हटले आहे. पडदा दूर करायचा तर त्या जागी काहीतरी द्यावे लागते. त्यासाठी पुढील खेळ उपयोगी पडतील.

चिंचोक्यांचा पट

‘अष्टा-चंगा’ आणि इतर अनेक नावांनी ओळखला जाणारा हा पट दोन ते चार जणांना खेळता येतो. फरशीवर खडूने पाच उभ्या व पाच आडव्या ओळींची पंचवीस घरे आखावीत. चारही कडांची मधली घरे आणि अगदी मध्यभागीचे घर यांवर फुली मारावी. चार चिंचोके खरखरीत दगडावर एका बाजूने घासून पांढरे केले की फासे तयार. जितक्या पांढऱ्या बाजू वर, तितके दान. चारही तपकिरी बाजू वर आल्यास आठ. चार किंवा आठ पडल्यास पुन्हा खेळायला मिळते.

प्रत्येकाच्या चार सोंगट्या आपल्या कडेच्या फुलीवरून निघतात, बाहेरच्या रांगेतून फेरी पूर्ण करतात, आतल्या रांगेत उलट दिशेने फिरतात आणि मधल्या घरात पोहोचतात. प्रतिस्पर्ध्याच्या सोंगटीवर आपली सोंगटी आली की ती मरते आणि पुन्हा पहिल्यापासून निघते. फुलीवर मात्र कोणी मरत नाही. सोंगट्या म्हणून शर्टाची बटणे चालतात. सहा-सात वर्षांचे मूल हा खेळ सहज शिकते.

सागरगोटे

सागरगोट्याचे राखाडी, टणक बी आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात मिळू शकते. न मिळाल्यास गुळगुळीत खडे घ्यावेत. पाच गोटे जमिनीवर टाकून एक वर उडवायचा, तो खाली येण्याआत जमिनीवरचा एक उचलायचा आणि त्याच हाताने उडवलेलाही झेलायचा. मग दोन-दोन, नंतर तीन व एक, शेवटी चारही एकदम. एकट्या मुलालाही सराव करता येतो. हात आणि डोळा यांचा मेळ साधणारा इतका स्वस्त खेळ दुसरा क्वचितच असेल.

कागद आणि पेन्सिल

‘नाव-गाव-फळ-फूल’ प्रवासातही खेळता येते. एकाने मनातल्या मनात मुळाक्षरे म्हणावीत, दुसऱ्याने ‘थांब’ म्हणावे. जे अक्षर येईल त्यावरून प्रत्येक रकाना भरावा. वेगळा शब्द लिहिणाऱ्यास दहा गुण, दोघांचा शब्द सारखा आल्यास पाच. चार जण असतील तर राजा, प्रधान, शिपाई आणि चोर अशा चिठ्ठ्या टाकून चोर ओळखण्याचा खेळ रंगतो. कागदही नसेल तेव्हा भेंड्या आहेतच. लहानांसाठी गाण्यांऐवजी शेवटच्या अक्षरावरून नुसत्या शब्दांच्या भेंड्या लावाव्यात.

पत्ते

पत्त्यांचा एक जोड वर्षानुवर्षे पुरतो. अंक ओळखू लागलेल्या मुलाला ‘भिकार-सावकार’ पुरेसा आहे. ‘बदाम सात’मध्ये क्रम लावणे आणि दुसऱ्याची वाट अडवणे, दोन्ही जमावे लागते. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना ‘पाच-तीन-दोन’ शिकवावा. त्यात तिघांना प्रत्येकी दहा पाने मिळतात आणि कोणी किती हात करायचे हे आधीच ठरलेले असते.

टाकाऊतून खेळणी

आयआयटी कानपूरमधून अभियंता झालेले अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी घडवली. पुण्यातील ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे काम केले, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सायकलच्या व्हॉल्व ट्यूबचे तुकडे आणि गूल काढलेल्या काड्या जोडून आकृत्या करण्याची त्यांची पद्धत घरीही सोपी आहे. चौकोन दाबला की वाकतो, त्रिकोण मात्र ताठ राहतो. पुलांना आणि मनोऱ्यांना इतके त्रिकोण का असतात, हे मुलाला न सांगताच उमगते.

दोन कागदी पेल्यांच्या तळाला भोक पाडून चार-पाच मीटर दोरा ओवला की दूरध्वनी तयार होतो. दोरा सैल पडला की आवाज थांबतो. असे का होते, हे मुलाला स्वतः शोधू द्यावे.

अगदी लहानांसाठी

तीन ते पाच वर्षांच्या मुलांना भातुकली आजही पुरते. त्यासाठी स्वयंपाकघरातील वाट्या-चमचे पुरेत. ताटात आठ-दहा वस्तू मांडून झाकायच्या आणि एक गुपचूप काढून घेऊन ‘काय गेले?’ असे विचारायचे, हा खेळही त्यांना आवडतो. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती चिंचोके, बटणे, गोट्या देऊ नयेत. त्या घशात अडकण्याचा धोका असतो. घड्याळाच्या चपट्या बॅटऱ्या आणि प्लास्टिकच्या पिशव्याही दूर ठेवाव्यात.

पालकांनी एवढे करावे

या खेळांचे नियम घरागणिक बदलतात. म्हणून डाव मांडण्यापूर्वी ते ठरवून घ्यावेत आणि मग मोडू नयेत. मुलाला मुद्दाम दर वेळी जिंकू देऊ नये. हरल्यावर पुन्हा डाव मांडण्याची सवयही खेळातूनच लागते. ‘यातून गणित शिकशील’ असे बजावू नये, खेळाची शिकवणी झाली की मूल तेथून उठते. आणि समोर बसलेल्या मोठ्या माणसाने स्वतःचा मोबाइल बाजूला ठेवावा.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९८९ च्या बालहक्क संहितेने खेळणे हा मुलांचा हक्क मानला आणि भारताने १९९२ मध्ये ती स्वीकारली. घरात तो हक्क बजावायला मुलाला मोठ्या माणसाचा रोजचा अर्धा तास लागतो. सागरगोटे कसे झेलायचे, हे आजी अजून दाखवू शकते. तिच्याकडून ते शिकून घेण्याची वेळ मात्र टळू देऊ नये.