पुडीतलं पान

पौष पौर्णिमा, १९६०. आसनगावला गाडीतून उतरून शहापूर मागे टाकलंत. किन्हवली, सरळगाव, मुरबाड करत बैलगाडीनं म्हसाच्या जत्रेत पोचेपर्यंत हाडं खिळखिळी झालीत. महाराष्ट्र राज्य व्हायला अजून साडेतीन महिने आहेत. खिशात आणे आहेत, नवे पैसेही आहेत. दोन्ही चालतात.

बैलबाजार, घोंगड्यांच्या थप्प्या, पलीकडे टुरिंग टॉकीजचा तंबू. सगळी जत्रा तिकडे पळतेय. तुम्ही फुटाणेवाल्यापाशी थांबा.

त्याच्या मांडीशी मुंबईहून आलेली रद्दी आहे. तो वरचं पान टरकन फाडतो, पुडी वळतो, फुटाणे भरतो. पान ‘फिल्मइंडिया’चं आहे! बाबूराव पटेलांनी १९३५ साली काढलेलं इंग्रजी मासिक. त्यांच्या लेखणीला भलेभले निर्माते टरकून असत.

गठ्ठ्यात हात घाला. एस. एम. पंडितांनी रंगवलेलं मुखपृष्ठ निघतं. पिना गंजल्यात, गंज चार पानं आत झिरपलाय. मुखपृष्ठं काय, कुणीही जपेल. तुम्ही जाहिरातींची पानं उलटा. ‘लवकरच येत आहे’च्या खाली, नायिकेच्या पदराशी, बारीक टायपात छायालेखकाचं नाव असतं. तेच हवंय. ‘आलम आरा’ १९३१चा, आपला पहिला बोलपट, आणि त्याचीसुद्धा एक प्रत उरलेली नाही. चित्रपट गेला की कॅमेऱ्यामागच्या माणसाचा पत्ता असल्या पानांतूनच लागतो. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघेल ते १९६४ साली. तोवर हे कागद फुटाण्यांच्याच हवाली.

“काका, अख्खा गठ्ठा देता?”

“इंग्रजी हाय त्यात. वाचशील?”

“वाचेन.”

“आन् मी पुड्या कशात बांधू?”

त्याचं बरोबर आहे. त्याचा धंदा रात्रभर चालायचाय. शेजारच्या भेळवाल्याकडून जुनी वर्तमानपत्रं विकत घेऊन त्याच्यापुढे ठेवा. मग तो हसतो आणि गठ्ठा तुमच्याकडे सरकवतो.

आता पानं मोजा. मधली गेलीत, तरी फाटका अंक म्हणून नाक मुरडू नका. मघाची पुडी त्या तंबूच्या रांगेतल्या पोराच्या हातात आहे. त्याचे फुटाणे संपत आलेत. त्यानं चुरगाळून टाकायच्या आत जा, आणखी फुटाणे घेऊन द्या आणि कागद मागून घ्या.