जुन्या गाडीचा नवा गिअर



मोटारीच्या गिअरबॉक्सवर बोलायला कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याला कशाला उभे केले, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. माझी शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण गॅरेजमध्ये, कारखान्याच्या फाटकावर आणि वाचनालयात झाले. तेव्हा पंडिताचे व्याख्यान नव्हे, एका माहीतगाराचे बोलणे म्हणून हे ऐकावे.

आमच्या वारज्यात बाह्यवळण महामार्गाच्या कडेला एक पत्र्याची शेड आहे. गेल्या हिवाळ्यात तिथे एक १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी उभी होती. मालक तरुण, संगणकाच्या नोकरीतला, गाडी आजोबांची. त्याने ती खाली बसवून घेतली होती, चाके रुंद घातली होती, आणि तिला तो ‘माझी स्पोर्ट्स कार’ म्हणत होता. आता त्याला तिचा मूळचा गिअरबॉक्स काढून मोडीत निघालेल्या ११८ एनई गाडीचा निसान गिअरबॉक्स तिच्यात बसवायचा होता. मला प्रथम हसू आले. पण ते हसू अज्ञानाचे होते, हे नंतर कळले. या गाडीची मूळ आवृत्ती म्हणजे इटलीतली १९५३ सालची फियाट ११००. त्याच साली तिची टीव्ही नावाची वेगवान भावंडही निघाली, आणि ती मिल्ले मिल्या या इटलीतल्या रस्त्यावरच्या शर्यतीत धावली. आपल्याकडे मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती होत, तिथेही फियाट गाड्या उतरत. परदेशी शर्यतीची गाडी ज्या देशात डोळ्यांनाही दिसत नव्हती, तिथे हौशी माणसाने फियाटलाच घोडा मानले, यात नवल ते काय?

आता गिअरबॉक्स म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. इंजिनाला ठरावीक फेऱ्यांतच जोर असतो. चढावर ताकद हवी, सपाटीवर वेग हवा. त्यासाठी लहानमोठ्या दातेरी चाकांच्या जोड्या आलटून पालटून जोडाव्या लागतात. जुन्या काळी ही चाके फिरत असतानाच एकमेकांत सरकवीत. दोघांची गती जुळली नाही तर दात किरकिरत, तुटतही. म्हणून ड्रायव्हर डबल क्लच मारी: क्लच दाबून गिअर काढायचा, क्लच सोडून गती जुळवायची, पुन्हा दाबून पुढचा घालायचा. अमेरिकेत कॅडिलॅक कंपनीने १९२८ साली सिंक्रो आणला. एक पितळी शंकू आधी घासून दोन्ही भागांची गती एक करतो आणि मगच दात गुंततात. ज्याने दिवसभर गर्दीत गाडी हाकली आहे, त्याला या शंकूची किंमत विचारावी.

फियाट ११०० ला चार गिअर. दुसरा, तिसरा, चौथा सिंक्रोचे. पहिला मात्र बिनसिंक्रोचा. म्हणजे गाडी पुरती थांबल्याशिवाय पहिला घालायला गेलात की किरर्र आवाज ठरलेला. दांडी स्टिअरिंगच्या खांबावर. ही फॅशन अमेरिकेत १९४० च्या आसपास पसरली. पुढे सलग बाक बसवता यावा, हा तिचा फायदा. पण दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंत सळ्या आणि सांधे आले. त्यांतले बुश झिजले की गिअर अडकतो, आणि ड्रायव्हर भर चौकात बॉनेट उघडून हाताने सळी मोकळी करतो. हे दृश्य पाहिले नाही असा माझ्या वयाचा माणूस पुण्यात किंवा मुंबईत विरळा.

मुंबईतल्या कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची कथा आपल्याला ठाऊकच आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली ही कंपनी काढली. क्रायस्लरच्या गाड्या जोडण्यापासून आरंभ झाला. फियाटशी संबंध नंतर आला. सरकारच्या धोरणाने सुटे भाग नुसते जोडणाऱ्यांना बाहेरची वाट दाखवली आणि भाग इथे बनवणाऱ्यांना संरक्षण दिले. मुंबईत १९२८ पासून गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने १९५० च्या दशकात गाशा गुंडाळला, प्रीमियर राहिली. हे धोरण मला त्या काळापुरते योग्यच वाटते. १९६४ साली ११०० डी ही आवृत्ती इथे निघू लागली, आणि १९७४ पासून तिचे नाव प्रीमियर पद्मिनी झाले.

आणि इथेच गोम आहे. इटलीत फियाटने १९६६ साली ११०० आर काढली. तिच्यात गिअरची दांडी खांबावरून जमिनीवर आणली आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक दिले. १९६९ साली इटलीत ११०० चे उत्पादनच थांबले. आपल्याकडे मात्र दांडी खांबावरच राहिली. ती जमिनीवर यायला १९९० चे दशक उजाडावे लागले. पद्मिनीच्या शेवटच्या आवृत्तीत, एस १ मध्ये, निसानचा गिअरबॉक्स, जमिनीवरची दांडी आणि पुढे दोन वेगळ्या खुर्च्या आल्या. मधे तीस वर्षांचे अंतर! खुद्द त्याच कंपनीने १९८५ साली ११८ एनई काढली, तिचे इंजिन आणि गिअरबॉक्स निसानचे होते. म्हणजे नवा गिअरबॉक्स कंपनीच्या घरात आल्यावरही जुन्या गाडीत तो शिरायला दहाएक वर्षे लागली.

असे का झाले? पहिले कारण पैशाचे. १९६६ च्या जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले. डॉलर पावणेपाच रुपयांवरून साडेसातावर गेला. नवी यंत्रे परदेशातून आणणे तेव्हा सोपे नव्हते, हे मान्य केले पाहिजे. पुढे सरकारने मोटारींच्या किमतींवरही नियंत्रण आणले. पण दुसरे कारण मला अधिक वजनाचे वाटते. गिऱ्हाईक वर्षानुवर्षे नंबर लावून उभे असता गिअर बदला असे सांगणार कोण? मालकाला गरज नव्हती, सरकारला सवड नव्हती.

आणि आम्ही? आता आमच्या चळवळीकडे बोट दाखवतो. त्याच कारखान्यातल्या मोटार उत्पादन विभागाच्या प्रोत्साहन वेतनाचा तंटा १९७५ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दोन संघटना, त्यांचे वेगवेगळे करार. औद्योगिक विवाद कायद्यानेच जो हक्क दिला, त्याची दाद त्याच कायद्याच्या वाटेने मागावी, दिवाणी कोर्टात नव्हे, असा निवाडा झाला. कामगार कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाला हा खटला आजही वाचावा लागतो, मीही वहीत उतरवून तो घोकला. पण पुन्हा वाचताना एक गोष्ट टोचते. सगळे भांडण पैशाचे आणि कोणाचा करार कोणाला लागू याचे. गाडी कशी आहे, दहा वर्षांनी ती कोण घेईल, हा प्रश्न त्यात कुठेच नाही. कायद्याच्या चौकटीत तो बसत नव्हता हे खरे. पण आमच्या द्वारसभांतही तो कधी आला नाही. मारुती ८०० ही १९८३ च्या डिसेंबरात आली. १९९१ नंतर दारे उघडली. कलकत्त्याकडच्या अँबॅसडरने १९९० च्या दशकाच्या आरंभीच इसुझूचे इंजिन आणि पाच गिअर घेतले होते. पद्मिनीचे उत्पादन शतक संपता संपता थांबले. न बदललेल्या गिअरबॉक्सची किंमत शेवटी ज्यांनी चुकवली, त्यांत तो रोज जोडणारे हातही होते.

माझा स्वतःचा हातही यात आहे. सतरा वर्षांचा असताना मी पुण्यातल्या एका गॅरेजात हेल्पर होतो. जॅक नव्हता. गाडीखाली पाठीवर झोपून गिअरबॉक्स छातीवर उतरवून घ्यायचा, ही पद्धत. एके दिवशी तो घसरला आणि डाव्या हाताची तर्जनी हाउसिंगच्या कडेखाली सापडली. हजेरीबुकात माझे नाव नव्हते, तेव्हा भरपाई कसली? १९२३ सालचा भरपाईचा कायदा नावाचे काही असते हे मला दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या गिरणी कामगाराने सांगितले. माझे वाचन तिथून सुरू झाले.

म्हणून वारज्याच्या शेडमध्ये मी प्रथम जॅक पाहिला. होता, आणि चांगला होता. मग मिस्त्रींनी काम समजावून दिले. निसानचा गिअरबॉक्स फियाटच्या इंजिनाला सरळ बसत नाही, बोल्टची भोके जुळत नाहीत. त्यासाठी जाड पत्र्याची प्लेट कातून मध्ये घालावी लागते. ती केसभर जरी मध्याबाहेर गेली तर शाफ्टचे बेअरिंग जाते. क्लच प्लेट अशी शोधावी लागते की दाब इंजिनाच्या बाजूचा आणि मधल्या खाचा गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या. गिअरबॉक्सची लांबी बदलली की प्रोपेलर शाफ्ट कापून पुन्हा तोलून घ्यावा लागतो, नाहीतर वेग घेताच गाडी थरथरते. दांडीसाठी तळाचा पत्रा कापायचा, मागचा आधार नवा करायचा. सगळे झाल्यावर वेगाचा काटा खोटे बोलू लागतो, कारण त्याची तार फिरवणारे चाक दुसऱ्याच गाडीचे असते! यातले एकही माप कागदावर नव्हते. मिस्त्री खडूने फरशीवर आकडे लिहीत होते, आणि संध्याकाळी पोऱ्या झाडू मारीत होता.

मालकाने कायद्याचे विचारले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की नोंदणीपुस्तकातला तपशील कंपनीने ठरवलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल गाडीत करू नये. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने ते अधिक कडक शब्दांत सांगितले. पुस्तकात इंजिनाचा आणि चासीचा नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो. तरी परिवहन कार्यालयात आधी विचारून घे, असे मी त्याला सांगितले. मिस्त्रींचा आक्षेप वेगळा होता. ‘दादा, गिअर नवा झाला की तुम्ही दामटणार,’ ते म्हणाले, ‘आणि ब्रेक चारही ड्रमचेच आहेत. आधी ते बघू.’ १९६६ साली इटलीतल्या इंजिनिअरांनी दांडीबरोबर ब्रेकही का बदलले, ते या एका वाक्यात आले.

मुंबईत पद्मिनीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या कार्यालयात नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून तिथल्या टॅक्सीच्या धंद्यातून ही गाडी गेली. वारज्याची गाडी मात्र परवा पाहिली तेव्हा ठोकळ्यांवर उभी होती. ब्रेकचे काम झाले होते. गिअरबॉक्स जागेवर चढला होता, आणि प्रोपेलर शाफ्ट तोलून आणायला पोऱ्या भोसरीला गेला होता. त्याचे नाव हजेरीबुकात आहे का, असे मी मिस्त्रींना विचारले. त्यांनी कपाटातून वही काढून माझ्यापुढे ठेवली.